दार उघडलं की गाणं येतं

मंडळी, आज जरा आमच्या गाडीविषयी. गाडी म्हणजे काही फार मोठी नाही. लहानशी, पंधरा वर्षांची जुनी. मुलाने नवी घेतली तेव्हा ही आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. आम्ही दोघंच, त्यामुळे पुरते. महिन्यातून एक-दोनदा चंद्रपूरहून निघायचं, चिचपल्लीच्या जंगलातून मूल, पुढे सावली, व्याहाड, मग वैनगंगा ओलांडायची आणि गडचिरोलीला लेकीकडे. एवढाच तिचा प्रवास आणि आमचाही.

या प्रवासात आमच्या सौ.ला गाणी लागतात. चंद्रपूर आकाशवाणी लागते तोवर रेडिओ, आणि जंगलात शिरल्यावर रेडिओ खरखरायला लागला की नातवाने भरून दिलेला पेनड्राइव्ह. मी आपला गाडी चालवण्यात मग्न. मागच्या दिवाळीनंतर तिची एक तक्रार सुरू झाली. "अहो, मला गाणं नीट ऐकू येत नाहीये."

मी आवाज वाढवला. माझ्या बाजूला तर कानठळ्या बसायची वेळ आली. तरी तिचं आपलं तेच. "तुमच्याकडून येतंय, मागून येतंय, माझ्याकडून नाही येत."

आता मी पडलो मास्तर. पस्तीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या माणसाला एक वाईट खोड लागते. समोरच्याने अडचण सांगितली की अडचण त्याच्यातच आहे असं वाटतं. मी म्हटलं, "तुझे कान तपासून घ्यायला हवेत. वय झालं आता." ती काही बोलली नाही. तिला सत्तरावं लागलेलं आहे, तेव्हा माझं म्हणणं तसं खोटंही वाटण्यासारखं नव्हतं. दोन-तीनदा तर मी पाहुण्यांसमोरही हसत हसत सांगितलं की हिला आताशा कमी ऐकू येतं.

पुढे एकदा मूलला चहासाठी थांबलो होतो. उतरताना ती म्हणाली, "एक गंमत बघा. दार उघडलं की गाणं येतं, दार लावलं की जातं."

मी हसलो. म्हटलं, "अगं, दार उघडल्यावर त्या टपरीवरचं गाणं ऐकू येत असेल."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. माझंही आणि तिचंही. त्यावर मला पुढे बरंच बोलायचं आहे.

होळीच्या सुमारास लेक आमच्या गाडीत बसली, आईच्या जागेवर. पाच मिनिटांत म्हणाली, "बाबा, या दाराचा स्पीकर बंद आहे." म्हणजे कान नव्हेत, स्पीकर! चार महिने मी बायकोच्या कानांना दोष देत होतो. लेकीचं वाक्य मी एका क्षणात मान्य केलं आणि बायकोचं चार महिने नाही, हेही त्याच क्षणी लक्षात आलं. पण तेव्हा मी ते गिळून टाकलं.

दुसऱ्या दिवशी गाडी एका दुकानात नेली. मुलगा चुणचुणीत होता. त्याने चारही दारांपाशी कान लावून पाहिलं आणि निकाल दिला. "काका, स्पीकर गेला. एक बदलून जमत नाही, जोडी बदला. आणि हा प्लेयरपण जुना झाला, तोही आताच करून घ्या." सगळे मिळून साडेसहा हजार. मी विचारलं, "तो स्पीकरच गेला हे कशावरून?" तो म्हणाला, "आवाज येत नाही ना, म्हणून."

तर्कशास्त्राचा माझा अभ्यास बेताचाच, बी.ए. मराठी घेऊन झालो. पण हे उत्तर काही पटलं नाही. आवाज येत नाही ही तक्रार झाली. ते कारण कसं होईल? "उद्या येतो" म्हणून परतलो.

योगायोग म्हणा, त्याच आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. हा सिंदेवाहीकडचा. दहावीत माझ्या विषयात कसाबसा पास झालेला. आता मंडप आणि साउंडचा त्याचा धंदा आहे, आणि दिवाळी ते होळी झाडीपट्टीच्या नाटकांना तो साउंड देतो.

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर गावोगावी नाटकं होतात. धान घरात आलेलं असतं, मंडई असते, शंकरपट असतो, आणि रात्री मंडपात नाटक. रात्री सुरू होतं ते पहाटेच उतरतं. बहुतेक नाटक कंपन्यांचं बिऱ्हाड वडसा देसाईगंजला. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राला झाडीपट्टीचं नाव थोडंफार कळलं. तर अशा मंडपात रात्री दोन वाजता, समोर हजारभर माणसं बसलेली असताना एक स्पीकर मुका झाला तर काय करायचं? दुकान उघडं नसतं. नवा आणायला पन्नास किलोमीटर जाता येत नाही. दोष शोधावाच लागतो, आणि तोही पुढचा प्रवेश सुरू व्हायच्या आत. माझ्या या विद्यार्थ्याची शाळा ती.

त्याला मी सहज गाडीचं सांगितलं. तो पत्रिका बाजूला ठेवून उठलाच. "चला जी सर, पाहू."

आधी त्याने गाडीला हात लावला नाही. प्रश्न विचारले. "कधीपासून? एकदम बंद झाला का येत-जात होता? चारही बंद का एकच? फाटका आवाज येत होता का आधी?" मी उत्तरं दिली. मग तो माझ्याकडून वळला आणि ओसरीत उभ्या असलेल्या हिला म्हणाला, "काकू, त्या जागेवर तुमीच बसता ना? तुमाले काय वाटते?"

ही म्हणाली, "दार उघडलं की गाणं येतं, लावलं की जातं."

तो हसायलाच लागला. "झालं ना मंग! काकूनं सांगूनच टाकलं. आता फक्त पक्कं करायचं."

चार महिने गाडीत माझ्या शेजारी बसून जी बाई रोगाचं नेमकं लक्षण सांगत होती, तिला ते विचारायला सिंदेवाहीहून माणूस यावा लागला!

पुढे त्याने जे केलं ते मी जवळ उभं राहून पाहिलं. ते क्रमाने लिहून ठेवतो, कारण हे कुणालाही जमण्यासारखं आहे.

सर्वांत आधी प्लेयरमधला बॅलन्स आणि फेडर. डावा-उजवा आणि पुढचा-मागचा आवाज वाटून देणाऱ्या या दोन गोष्टी. घरात नातवंडं असली की कुणीतरी बटण फिरवून ठेवतं आणि आपण स्पीकरला शिव्या देतो. ते मधोमध आहे हे त्याने पाहिलं. मग म्हणाला, "चारही मुके असते तर फ्यूज पाहिला असता. तीन बोलून राहिले, एकच गप आहे, म्हणजे प्लेयरले करंट येऊन राहिला. फ्यूज सोडून द्या." एका वाक्यात अर्धी शोधाशोध संपली.

मग त्याने प्लेयर पुढे ओढून काढला. मागे वायरींचा गुंता. समोरच्या डाव्या स्पीकरच्या दोन वायरी आणि समोरच्या उजव्याच्या दोन वायरी त्याने एकमेकींच्या जागी लावल्या. आणि मला विचारलं, "सर, आता सांगा. मुकेपण जर उजवीकडं गेलं तर दोष कुणाचा?" मी म्हटलं, "प्लेयरचा." "अन् डावीकडंच राहिलं तर?" "स्पीकरचा... किंवा मधल्या वायरचा." "बरोबर!" म्हणाला. विद्यार्थ्याकडून 'बरोबर' ऐकण्यात काय सुख असतं ते निवृत्त मास्तरच जाणे. मुकेपण डावीकडेच राहिलं. प्लेयर निर्दोष सुटला. साडेसहा हजारांतला मोठा वाटा तिथेच वाचला.

आता दाराचं आतलं झाकण काढलं. स्पीकर दिसला. धुळीने माखलेला, पण कागद शाबूत. स्पीकरची रचना मी पहिल्यांदाच नीट पाहिली. मागे लोहचुंबक, चुंबकाच्या फटीत तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं, आणि वेटोळ्याला चिकटवलेला कागदाचा शंकू. वेटोळ्यातून वीज पुढे-मागे वाहिली की ते चुंबकात पुढे-मागे सरकतं, शंकू हवेला ढकलतो आणि आपल्याला गाणं ऐकू येतं. राईस आणि केलॉग या दोन अमेरिकन इंजिनियरांनी १९२५ साली या रचनेला आजचं रूप दिलं. शंभर वर्षं झाली, तत्त्व तेच आहे. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं. आमच्या लहानपणी गावातल्या ज्या एकुलत्या एका रेडिओवर ते ऐकायला आम्ही गर्दी करायचो आणि ज्याचं लायसन्स दरवर्षी पोस्टात भरावं लागे, त्याच्या पोटातही हेच होतं.

त्याने घरातल्या भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल मागितला. साधा दीड व्होल्टचा. स्पीकरच्या वायरी सोडवल्या आणि दोन तुकड्यांनी सेल स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवला. 'खर्र' असा आवाज आला आणि शंकू किंचित हलला. पुन्हा टेकवला, पुन्हा 'खर्र'. "पाहा जी सर, जिता हाय. मेला म्हणत होते ना दुकानवाले?"

सेल फक्त क्षणभर टेकवायचा, धरून ठेवायचा नाही, वेटोळं तापतं. त्याच्याजवळ मीटर होता, त्यावरही दाखवलं. गाडीच्या स्पीकरवर चार ओहम लिहिलेलं असतं, मीटरवर त्याहून थोडं कमी, तीन-साडेतीनच्या आसपास येतं. आलं तर वेटोळं ठीक. काहीच मार्ग दाखवत नसेल तर वेटोळं तुटलं, तेव्हा मात्र स्पीकर बदलावा. आणखी एक ताकीद त्याने दिली. स्पीकरची कुठलीही वायर 'अर्थ' समजून गाडीच्या पत्र्याला टेकवायची नाही. हल्लीच्या प्लेयरमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींत आवाजाचा प्रवाह असतो. पत्र्याला लागली की प्लेयर गप्प बसतो किंवा जळतो.

प्लेयर ठीक, स्पीकर ठीक. राहिलं काय? मधली वाट. दार आणि गाडीचा खांब यांच्यामध्ये एक रबरी नळी असते, तिच्यातून वायर दारात जाते. दार जितक्या वेळा उघडतं-मिटतं तितक्या वेळा ती वायर वाकते. पंधरा वर्षं, आमच्या चंद्रपूरचा सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांचा उन्हाळा... वरचं प्लास्टिक शाबूत होतं, आतलं तांबं तुटलेलं. दार उघडलं की वायर सरळ होऊन तुटलेली टोकं एकमेकांना टेकत. दार लावलं की वायर दुमडे आणि टोकं सुटत. बोटभर अंतराचा मामला.

त्याने हातभर नवी वायर घातली, डाग दिला, थोडी सैल सोडली, वरून नळी चढवली. सव्वा तास लागला. पैसे घ्यायला तयार होईना. "सर, तुमच्यापासून का पैसे घ्यायचे जी?" म्हणाला. मी लग्नाच्या आहेरात भर घालायचं ठरवून टाकलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मला त्या रात्री झोप आली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

पहिला विचार त्या दुकानातल्या मुलाचा. त्याला लबाड म्हणणं सोपं आहे, पण मी म्हणणार नाही. सव्वा तास दोष शोधण्याचे त्याला मी किती पैसे दिले असते? सव्वा तासानंतर "वायर तुटली होती, पाचशे द्या" म्हणाला असता तर मीच म्हटलं असतं, "हातभर वायरीचे पाचशे?" नवा स्पीकर बसवून तो दोन हजार मागतो तेव्हा मात्र मी मुकाट्याने देतो, कारण हातात खोका दिसतो. आपण वस्तूचे पैसे देतो, शोधण्याचे देत नाही. मग लोक शोधायचं सोडून बदलायला लागले तर दोष एकट्या त्यांचा कसा? माझं स्पष्ट मत आहे की दुरुस्ती करणाऱ्याला तपासणीची मजुरी वेगळी आणि आनंदाने दिली पाहिजे. दुरुस्ती निघो अथवा न निघो. डॉक्टरला देतोच ना आपण?

तुम्ही म्हणाल, हल्ली वस्तूच अशा येतात की उघडता येत नाहीत, बदलणंच स्वस्त पडतं. मान्य. शंकूचा कागद फाटला असता, वेटोळं जळलं असतं, तर मीही नवाच आणला असता. बदलण्याला माझा विरोध नाही. न तपासता बदलण्याला आहे. आणि तपासायला फार मोठी साधनं लागतात हेही खरं नाही. आमच्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' सुरू केली. लहान मुलाला न्यूमोनिया झाला की नाही हे कमी शिकलेल्या किंवा निरक्षर दाईलासुद्धा ओळखता यावं म्हणून त्यांनी एक साधन केलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी. श्वास मोजायचे, मणी सरकवायचे, वाळू संपेपर्यंत किती झाले ते पाहायचं. दोन महिन्यांखालच्या बाळाचे साठ किंवा जास्त झाले की सावध व्हायचं. वाळू, मणी आणि बाळाकडे पूर्ण मिनिटभर पाहण्याची तयारी! पेन्सिल सेलची जात तीच.

दुसरा विचार मात्र मला जास्त जड गेला.

१९७७-७८ ची गोष्ट. तेव्हा गडचिरोली जिल्हा झाला नव्हता, तो १९८२ च्या ऑगस्टमध्ये झाला. सगळा चांदा जिल्हा एकच होता आणि माझी नेमणूक एटापल्लीकडच्या एका आश्रमशाळेत होती. मी सव्वीस वर्षांचा. पाचवीच्या वर्गात एक माडिया मुलगा होता. वर्षभर वर्गात एक शब्द बोलला नाही. मी प्रश्न विचारायचा, तो खाली बघायचा. मी आवाज चढवायचा, तो आणखी खाली बघायचा. मी छडीही दाखवली आहे, खोटं कशाला बोलू? पण हा मुलगा स्वयंपाकघराच्या दारात बसला की अखंड बोलायचा. स्वयंपाकाची बाई त्याच भागातली. तिच्याशी हसायचा, ताटं मोजून द्यायचा, जंगलातल्या पाखरांचे आवाज काढून दाखवायचा. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहत होतो. बाईने मला एकदा सांगितलंही, "गुरुजी, पोरगा हुशार हाय. तुमचं बोलणं त्याले समजत नाही." मी म्हटलं, "मग शिकायला नको का?"

प्रगतिपुस्तकात मी लिहिलं, 'आकलन नाही.' त्याला त्याच वर्गात ठेवलं. दिवाळीच्या सुटीत तो गावी गेला आणि परत आला नाही. आश्रमशाळेत ही काही नवलाची गोष्ट नव्हती. पटावरून नाव कमी केलं आणि मी विसरून गेलो. निदान मला तसं वाटत होतं.

एका दारात आवाज येतो, दुसऱ्या दारात जातो. याचा अर्थ स्पीकर जिवंत आहे. प्लेयरही म्हणजे मीही काही वाईट नव्हतो. तयारी करून शिकवत होतो, सुट्ट्या मारत नव्हतो. तुटलेलं होतं ते मधलं. त्याची माडिया आणि माझी पुस्तकी मराठी. एक द्राविडी कुळातली, एक आर्य कुळातली. दोघींच्या मध्ये कुणी वायर टाकलीच नव्हती. ती स्वयंपाकाची बाई वायर होऊ शकली असती. मी तिला एकदाही वर्गात बोलावलं नाही. मी केलं ते एवढंच की आवाज वाढवला. आणि आवाज वाढवून मुका स्पीकर बोलत नाही, उरलेले तीन फाटण्याची भीती असते. माझ्या ओरडण्याने वर्गातली आणखी किती मुलं गप्प झाली असतील, कोण जाणे.

मी काही एकटाच असा नव्हतो, हे स्वतःच्या बचावासाठी नाही, पण खरं म्हणून सांगतो. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी असं आपल्या घटनेच्या ३५०अ कलमात १९५६ पासून लिहिलेलं आहे. आम्हाला ते कुणी सांगितलं नाही आणि आम्ही वाचलंही नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शक्य तिथवर शिक्षण मातृभाषेतून असावं असं आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात किमान पाचवीपर्यंत, जमल्यास आठवीपर्यंत घरची भाषा, असं आहे. योगायोग असा की कायदा झाला त्या २००९ मध्येच मी निवृत्त झालो. दरम्यान आमच्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली. तिच्या मान्यतेवरून पुढे बरंच झालं. त्या वादातल्या कायद्याच्या बाजू मला उलगडून सांगता येणार नाहीत. पण जे लोक त्या जागेवर बसतात त्यांनी "आमच्या बाजूने आवाज येत नाही" असं सांगितलं आणि वायर स्वतः टाकायला घेतली, एवढं मला कळतं. त्यांच्यावर संशय घेण्याआधी आपण एकदा त्या जागेवर बसून पाहावं.

मराठी शिकू नये असं मी म्हणत नाही. मराठीवर माझं पोट चाललं आणि प्रेमही आहे. त्या मुलाला मराठी यायलाच हवी होती, बाजारात, तहसिलीत, दवाखान्यात तीच लागते. पण ती त्याच्या भाषेच्या वाटेने यायला हवी होती. पहिली दोन-तीन वर्षं त्याच्या भाषेत बोलणारं एक माणूस वर्गात असतं, तर तो माझ्याशी बोलला असता. हे काही अशक्य नव्हतं. ते माणूस दहा पावलांवर, चुलीपाशी होतं.

कुणी म्हणेल, मास्तर, हातभर वायरीवरून कुठे जाऊन पोचलात! खरं आहे. माणूस म्हणजे स्पीकर नव्हे, आणि तुटलेल्या वर्षांना डाग देऊन जोडताही येत नाही. तो मुलगा आज असेल तर साठीच्या जवळपास असेल. त्याला शोधून मी काय सांगणार? म्हणून ज्यांच्या हातात अजून वर्ग आहे, घर आहे, ऑफिस आहे त्यांना सांगतो. कुणी गप्प असेल तर तो बिघडलाय असं ठरवण्याआधी तीन गोष्टी करा. तो कुठे बोलतो ते बघा. त्याच्या जागेवर बसणाऱ्याला विचारा. आणि मधली वाट तपासा. आवाज वाढवणं सगळ्यात शेवटी... खरं तर तेव्हाही नको.

जाता जाता एक राहिलं. कानांचं. स्पीकर दुरुस्त झाल्यावर मी हिची माफी मागितली. माझ्या पद्धतीने, म्हणजे चहा करून. ती म्हणाली, "ते असू द्या, पण तुम्ही डॉक्टरांकडे जायचं म्हणत होता ना, तर जाऊच." गेलो. दोघांचेही कान तपासले. तिचे वयाच्या मानाने चांगले आहेत. माझे बारीक, उंच स्वर ऐकण्यात बरेच कमी पडतात. वयाबरोबर तेच स्वर आधी जातात म्हणे, आणि ज्याचे जातात त्याला पत्ताच लागत नाही. पाहुण्यांना ही बातमी आता ती सांगते, हसत हसत.

परवा गडचिरोलीला जाताना चिचपल्ली ओलांडली आणि जंगल लागलं. गाणं सुरू होतं. व्याहाडपर्यंत ती काही बोलली नाही. पुलावर आल्यावर म्हणाली, "अहो, जरा आवाज कमी करा. कान दुखताहेत माझे."

केला. लगेच केला.